मोठ्या काठवटीसाठी लेथचा सुटा टूल रेस्ट कसा करावा?

फणसवाडीकर | ८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या श्रीवर्धनकडच्या घरामागचा फणस आडवा झाला. आजोबांच्या हातचं झाड, खोड पावणेतीन फूट जाड. फांद्या सरपणात गेल्या. बुंध्याच्या मात्र दोन फळ्या मी हट्टानं सहा इंच जाडीच्या कापून घेतल्या, गाभा टाळून. तेव्हापासून त्या पडवीत विटांवर निजल्या आहेत. टोकांना चिरा गेल्यात, पण मधला भाग ठणठणीत आहे. आईची जुनी काठवट गेल्या वर्षी तडकली आणि तेव्हापासून ती स्टीलच्या परातीत तांदळाची उकड मळते नि रोज परातीला नावं ठेवते. तर २४ इंची काठवट करायची आहे.

अडचण अशी की माझं लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) बेडवर, म्हणजे त्याच्या लांब बैठकीवर, जेमतेम १२ इंच घेतं. स्पिंडल (फिरता दांडा) डावीकडे बाहेर आलेला आहे, त्याला उलटे आटे आहेत, म्हणजे फेसप्लेट (लाकूड स्क्रूनं धरायची चकती) तिकडे लावून कितीही मोठा व्यास फिरवता येईल. पण तिकडे बेडच नाही, त्यामुळे टूल टेकवायला काही नाही.

मी शहाणपणा केला. आजीच्या शिवणयंत्राचा बिडाचा स्टँड घेतला, वर बाभळीची जाड फळी ठोकली, खाली वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या आणि आंब्याच्या १८ इंची तुकड्यावर सराव सुरू केला. पहिली पाच मिनिटं झकास. मग गाऊज (कोरायचं पन्हाळीदार हत्यार) अडकला. स्टँड हातभर मागे सरकला, एका पायावर उभा राहिला आणि गाऊजची मूठ माझ्या कोपराखाली अशी बसली की आठवडाभर दूधवाल्याची पिशवी डाव्या हातानं घेत होतो.

आता नीट करायचं आहे. स्पिंडलचा मध्य जमिनीपासून ४२ इंचांवर आहे. खाली कोबा. वेल्डिंग गावातल्या फॅब्रिकेटरकडून करून घेईन. किती वजनाचा स्टँड लागेल? कोणी केला आहे का?

त्रैराशिक | ८ नोव्हेंबर, रात्री ११.१५

आधी वेग सांगा. लेथचा सगळ्यात कमी वेग किती?

फणसवाडीकर | ८ नोव्हेंबर, रात्री ११.२२

४५०. मोटर १४४० ची, तिच्यावर अडीच इंची पुली, स्पिंडलवर आठ इंची.

त्रैराशिक | ८ नोव्हेंबर, रात्री ११.५०

मग स्टँड राहू द्या बाजूला. इंचातला व्यास गुणिले आरपीएम (मिनिटाला फेरे) हा गुणाकार ६००० ते ९००० च्या मध्ये ठेवावा, असा बाऊल करणाऱ्यांचा ढोबळ आडाखा आहे. २४ इंचाला म्हणजे २५० ते ३७५. आणि ओबडधोबड तुकडा सुरुवातीला खालच्याच टोकाला. ४५० ला तुमच्या काठवटीची कड ताशी ५० किलोमीटरहून जास्त वेगानं पळेल. कोरड्या फणसाचा एवढा तुकडा पंचवीस-सत्तावीस किलोचा भरतो. ही वस्तू सुटली तर तुमचा स्टँड किती जड होता हे विचारायला कोणी उरणार नाही.

स्पिंडलची पुली १२ इंची केलीत तर ३०० मिळतील. गिरणीवाल्यांकडे जुन्या पुल्या पडलेल्या असतात.

वखारवाला | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

+१. आणि पुलीऐवजी व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण) लावा असा सल्ला कोणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो, घरगुती सिंगल फेज कपॅसिटरवाल्या मोटरला तो चालत नाही. थ्री फेज मोटर घ्यावी लागते. पुली बदलणं स्वस्त.

मुक्ता_न | ९ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

लेथमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण काठवट वाचून आत आले. आमच्या सोलापूरकडच्या घरी ज्वारीच्या भाकरीसाठी होती, बाभळीची, हातानं कोरलेली. तळ बाहेरून सपाट नव्हता, भाकरी थापताना डुगडुगायची, म्हणून आजी खाली चुंबळ ठेवायची. तुम्ही तळ सपाट करा हो!

ठिणगी | ९ नोव्हेंबर, दुपारी १.१०

माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, म्हणून माझे चार आणे.

१) पाईप एमएसचा (साध्या पोलादाचा) घ्या, सी क्लास, म्हणजे जाड भिंतीचा. प्लंबरकडचा जीआय (जस्त चढवलेला) घेऊ नका. वेल्डिंगला जस्ताचा पांढरा धूर निघतो, रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्या पोऱ्यानं एकदा भोगलंय.

२) टूल रेस्टची दांडी २५ मिमीची ब्राइट बार (गुळगुळीत गोल सळई) घ्या. ती एक इंची सी क्लास पाईपात जवळजवळ बरोबर बसते, आतला व्यास पावणेसव्वीसच्या आसपास येतो. पण पाईपाच्या आत वेल्डची उभी शिवण असते, ती अर्धगोल कानशीनं काढावी लागेल, नाहीतर दांडी अर्ध्यावर अडकणार नि तुम्ही हातोडी घेणार.

३) आवळायला पाईपाला १२ चा नट वेल्ड करा, पण वेल्ड करताना नटात जुना बोल्ट फिरवून ठेवा. उघड्या नटात ठिणग्या जातात, मग आटे खराब. एक नको, दोन नट, एकाखाली एक. आणि बोल्टच्या टोकाखाली पितळेची चकती टाका, नाहीतर बोल्ट दांडीला खड्डे पाडतो आणि पुढच्या वेळी दांडी त्याच खड्ड्यात जाऊन बसते. तुम्हाला दोन मिमी वर हवी असेल तरी.

४) पोकळ खांबात वाळू भरणार असाल तर वेल्डिंग सगळं संपल्यावर, वर भोक ठेवून, कोरडी वाळू. ओली वाळू भरून, दोन्ही टोकं बंद करून वेल्ड मारलात तर आत वाफ कोंडून पाईप फुटतो. हे गमतीत सांगत नाही.

बंदरावरचा | ९ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

एवढा खटाटोप कशाला? कोब्यात चार अँकर बोल्ट ठोका, संपला विषय.

फणसवाडीकर | ९ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

कोबा दोन इंच आहे, खाली मुरूम. अँकर धरेल असं वाटत नाही. आणि काठवटीच्या बाहेरून काम करायचं तेव्हा रेस्ट कडेला लागतो, आतून करताना तोंडाशी, मग वळवून आत. जागा सारखी बदलते. ठिणगी, फार उपयोगाचं लिहिलंत, आभार.

पॅटर्नवाले_काका | ९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

माझं वय ७१. कोल्हापुरात, शिरोलीच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात चाळीस वर्षं गेली. पंपाची केसिंग, मोठाली चाकं, सगळं आधी सागात नाहीतर पाइनमध्ये लेथवर उतरवायचं आणि मग ते मोल्डिंगला जायचं. तीन-साडेतीन फुटी जॉब लेथच्या डाव्या अंगालाच लागायचे. त्याच्यापुढं बिडाची तिपाई असायची, आमचे मिस्त्री तिला घोडी म्हणायचे. म्हणजे फणसवाडीकर, तू म्हणतोस तीच वस्तू.

आता नीट ऐक. सगळे वजन वजन करत बसलेत. वजन पाहिजेच, पण आमच्या शॉपमध्ये एकदा दीडशे किलोची घोडी ओतून आणली आणि तिच्यावर काम जुन्या साठ किलोच्या घोडीपेक्षा वाईट व्हायला लागलं. चाकावर नुसत्या लाटा. सगळे म्हणाले पटाशीला धार नाही. धार लावून लावून पटाश्या निम्म्या झाल्या. मग मिस्त्रींनी लेथच्या हेडस्टॉकवर (स्पिंडल धरणाऱ्या डोक्यावर) आणि घोडीवर एकेक पाण्याचा पेला ठेवला नि जॉब फिरवला. घोडीवरचं पाणी शांत. लेथवरच्या पेल्यात नुसती धांदल! जॉबचा तोल नव्हता, लेथ डुलत होतं आणि घोडी मात्र जाग्यावर ठाम. लाकूड हलतंय नि पटाशी हलत नाही, म्हटल्यावर लाटा येणारच की. जुनी घोडी हलकी होती, पण ती एका पट्टीनं लेथच्या पायाला बांधलेली होती. नवी घोडी आली तेव्हा पट्टी कुणीतरी भंगारात टाकलेली.

तर बाळा, घोडी आणि लेथ एकमेकांना बांध. दोघं हलली तर एकत्र हलू देत. अँगलची पट्टी, तिला लांबट खाचा, दोन बोल्ट. जागा बदलायची तर बोल्ट सैल कर, सरकव, आवळ.

दुसरं, पाय तीन. चार पाय कोब्यावर कधीच एकसाथ टेकत नाहीत.

त्रैराशिक | ९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

काका, पाण्याच्या पेल्याला दंडवत.

तीन पायांबद्दल एक भर. तीन पाय डुगडुगत नाहीत हे खरं, पण ते चारपेक्षा लवकर कलंडतात. समजा मध्यापासून प्रत्येक पाय ४५० मिमीवर आहे. दोन पायांना जोडणारी रेघ मध्यापासून फक्त २२५ मिमीवर येते, बरोबर निम्म्यावर. म्हणजे पायाच्या दिशेला झुकलात तर ४५० चा आधार, दोन पायांच्या मधल्या दिशेला झुकलात तर २२५ चाच. म्हणून एक पाय सरळ काठवटीच्या पोटाखाली घाला. लोक नेमकं उलटं करतात, पाय लाकडाला लागेल म्हणून मोकळी बाजू पुढे करतात.

आतून कोरताना रेस्टचा हात पुढे काढावा लागतो. तो खांबापासून १५० मिमी पुढे गेला तर तिथे त्रिकोणाची रुंदी दोन्ही बाजूंना जेमतेम १७३ मिमी उरते. १२ इंची रेस्टची टोकं दीडशे-दीडशेवर येतात. म्हणजे बसतं, पण काठोकाठ. त्यापुढे हात काढायचा मोह नको.

पॅटर्नवाले_काका | ९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

गणित मला येत नाही. आम्ही कागद लावायचो. तिन्ही पायांखाली वर्तमानपत्राची एकेक पट्टी सरकवायची, रेस्टच्या टोकावर सगळा भार टाकून ओणवं व्हायचं आणि पोराला पट्ट्या ओढायला सांगायचं. एक जरी अलगद निघून आली तर घोडी नापास.

मुक्ता_न | ९ नोव्हेंबर, रात्री १०.५५

हा धागा आता मी काठवटीसाठी नाही, काकांसाठी वाचतेय.

सावंतवाडकर | १० नोव्हेंबर, सकाळी ८.२०

थोडं अवांतर. आमच्याकडे लाकडी खेळण्यांचं कातकाम जुनं. जमिनीवर बसून दोरी-कमानीच्या लेथवर काम करायची जी आपल्या देशातली जुनी पद्धत, तिच्यात टूल टेकवायला आडवी दांडी असते आणि ती कातारी पायानं दाबून धरतो, हत्याराचं टोकसुद्धा पायाच्या बोटांनी सांभाळतो. सुटा टूल रेस्ट म्हणाल तर आद्य नमुना तोच. उंची बदलायला बोल्ट लागत नाही. पण २४ इंची फणसापुढे पाय घालायचा सल्ला मी देणार नाही.

दूरदेशी | १० नोव्हेंबर, सकाळी ११.००

इथे मेलबर्नमध्ये माझ्या लेथचं डोकंच फिरतं, हेडस्टॉक वळवून मोठा बाऊल समोर घेता येतो, त्यामुळे उलट्या आट्यांची भानगड नाही. तयार फ्लोअर स्टँड मिळतो, पण त्याच्या किमतीत तुमच्याकडे दुसरं लेथ येईल. मी गॅरेजमधल्या मित्राकडून ट्रकचा ब्रेक ड्रम आणून त्याचा पाया केला. चाळीसएक किलो एका ठिकाणी, शिवाय बीड असल्यानं थरथर शोषतं.

एक धोक्याची सूचना. तुमच्या डाव्या अंगाला लाकूड उजव्या हाताकडे खाली येतं. आतून कोरताना ते अडचणीचं वाटतं आणि मोटर उलटी फिरवावीशी वाटते. उलटी फिरवलीत तर ते उलटे आटे सुटून फेसप्लेट काठवटीसकट निघून येईल. फेसप्लेटला ग्रब स्क्रू (तिला स्पिंडलवर जखडणारा बिनडोक्याचा स्क्रू) असल्याशिवाय नको.

ठिणगी | १० नोव्हेंबर, दुपारी १२.१५

ब्रेक ड्रमची कल्पना चांगली, पण त्याला वेल्ड मारू नका!! बिडाला साधा रॉड मारला की थंड होताना टाक्याच्या कडेनं तडा जातो. तेव्हा धरल्यासारखं वाटतं, आठवड्यानं हातात येतं. ड्रमला चाकाच्या स्टडची भोकं असतातच. खाली १२ मिमीची प्लेट घ्या, त्याच भोकांतून बोल्ट घाला.

वखारवाला | १० नोव्हेंबर, दुपारी २.४०

फेसप्लेटला काळे जिप्समचे स्क्रू लावू नका, ते ठिसूळ असतात, डोकी तुटतात. जाड लाकडी स्क्रू, निदान दीड इंच आत जाणारे. काठवटीचा तळ त्या हिशेबानं जाड ठेवा.

बंदरावरचा | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०

अँकर बोल्टचा सल्ला मागे घेतो :)

फणसवाडीकर | ३० नोव्हेंबर, रात्री ९.५०

मंडळी, घोडी उभी राहिली. नाव काकांचंच ठेवलंय.

ड्रम खोपोलीच्या एका भंगारवाल्याकडे वजनावर मिळाला, ४२ किलो. आतला गंज आणि ब्रेकची काळी भुकटी काढायला एक रविवार गेला (तोंडाला फडकं बांधून, भुकटी ओली करून). ४०० बाय ४०० ची १२ मिमी प्लेट, तिच्या मध्यावर तीन इंची सी क्लास पाईपाचा खांब. ड्रम वरून खांबात ओवला, जात्याचा वरचा दगड खुंट्यात बसवावा तसा, आणि स्टडच्या भोकांतून प्लेटला बोल्ट केला. प्लेटखाली ७५ च्या चॅनलचे तीन पाय, टोकाला १६ चे बोल्ट, म्हणजे कोब्याच्या चढउतारावर पातळी जमवता येते. खांबाच्या डोक्यात एक इंची पाईपाचा वीतभर तुकडा, वर एक आणि खाली एक अशा दोन चकत्यांत वेल्ड केलेला. शिवण काढायला कानस घेऊन बसलो तेव्हा ठिणगी यांची आठवण दर दोन मिनिटांनी आली. वाळू चुलीवर लोखंडी घमेल्यात भाजून भरली. आई विचारत होती की शेंगदाणे कधी टाकणार.

सगळं मिळून वजन पंच्याऐंशी किलोच्या घरात. हलवायचं तर गॅसच्या सिलिंडरसारखं तिरकं करून एका पायावर फिरवत नेतो.

काकांची कागदाची परीक्षा घेतली. पहिल्यांदा नापास! मागच्या पायाची पट्टी सुळकन निघाली. वजन आणखी घालायच्या विचारात होतो, तेवढ्यात पाहिलं तर मी मोकळी बाजूच पुढे करून ठेवली होती, त्रैराशिक यांनी सांगूनही. घोडी वळवून एक पाय काठवटीखाली घेतला, मग तिन्ही पट्ट्या फाटल्या पण निघाल्या नाहीत.

पट्टी लेथच्या पायाला बांधायची राहिली होती, तरी मोह आवरेना. १८ इंची आंबा लावून बघितला. पेला ठेवलाच होता. पाणी घोडीवर शांत, हेडस्टॉकवर गोल गोल रिंगणं. लाकडावर बोट फिरवलं तर पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक लाटा. मग ५० च्या अँगलची पट्टी लावली, बोल्ट आवळले आणि त्याच गाऊजनं, धारही न लावता, तोच भाग पुन्हा घेतला. सालपटं लांब लांब निघायला लागली, नि लाटा तिसऱ्या फेरीत गेल्या. पाणी आता दोन्ही पेल्यांत हलतं, पण सारखंच.

त्रैराशिक | ३० नोव्हेंबर, रात्री १०.०५

सांगूनही :)

रेस्टची वरची कड कसली घेतलीत?

फणसवाडीकर | ३० नोव्हेंबर, रात्री १०.२०

सध्या साधी एमएसची पट्टी, कड गोल करून. गाऊजचे ओरखडे पडतात, मग हात अडखळतो. रोज कामाआधी कानस फिरवतो आणि मेणबत्ती घासतो.

पॅटर्नवाले_काका | १ डिसेंबर, सकाळी ६.४५

मेणबत्ती बरोबर. रेस्ट लाकडापासून करंगळीपेक्षा लांब ठेवू नकोस. लाकूड खोल जाईल तसा रेस्टही आत ने. आळस करून पटाशीच पुढं पुढं काढत राहतात लोक आणि मग अडकली म्हणून ओरडतात. रेस्ट हलवायच्या आधी मोटर बंद. हे चाळीस वर्षं केलेल्यानंही विसरू नये. माझं डाव्या हाताचं अर्धं बोट त्याचीच खूण आहे.

वखारवाला | १ डिसेंबर, सकाळी ९.१०

खरवडीनं आतून साफ करणार असाल तर धार मध्यापेक्षा किंचित वर ठेवा, बाहेरून करताना किंचित खाली. अडकली तर धार लाकडापासून दूर जाते, आत घुसत नाही.

दूरदेशी | १ डिसेंबर, सकाळी ११.३०

आणि चष्मा नाही, पूर्ण चेहऱ्याचं शील्ड. सुरू करताना काठवटीच्या रेषेत उभे राहू नका.

फणसवाडीकर | १८ जानेवारी, रात्री ८.१५

झाली! पुली १२ इंची बसवली, ३०० वर फिरवली. पहिल्या दिवशी फळीचे कोपरे करवतीनं आधीच उडवले होते तरी तुकडा इतका डगडग करत होता की मी भिंतीआडून बटण दाबलं. गोल झाल्यावर मात्र निवांत. फणसाचा तो हळदी रंग, आणि सालपटांचा वास सगळ्या पडवीभर. दोन शनिवार-रविवार लागले. आत एका ठिकाणी गाठ निघाली, तिथे गाऊज एकदा अडकलाच. घोडी हलली नाही, बेल्ट घसरला. तळ सपाट केलाय, मुक्ताताई.

वरून खोबरेल लावलं. आईनं काल पहिली उकड मळली. पहिलं वाक्य, "एवढी मोठी? ही ओट्यावर मावते तरी का?" मावत नाही. चार बोटं बाहेर येते. मग तिनं ती जमिनीवर घेतली, पाटावर बसली, आणि आठ भाकऱ्या होईपर्यंत काही बोलली नाही. परात आता गुरांच्या पाण्याला गेलीय.

दुसरी फळी अजून विटांवर आहे. मावशीनं काल फोन केला.

मुक्ता_न | १८ जानेवारी, रात्री ८.२५

चुंबळ लागली का?

फणसवाडीकर | १८ जानेवारी, रात्री ८.३१

नाही लागली.

पॅटर्नवाले_काका | १८ जानेवारी, रात्री ९.५५

छान झालं. दुसरी चढवायच्या आधी ड्रमचे आणि पट्टीचे बोल्ट पुन्हा आवळून घे. नवीन घोडीचे बोल्ट पहिल्या महिन्यात ढिले पडतातच.